परसातला कचरा चोरीस गेल्याबाबत

नेवासा
रविवार, ता. १४ ऑक्टोबर १९७३

आज ऊन चांगलं पडलं. मागच्या परसातली फरशी कोरडी आहे. झाडली नाही. दुपारी पिठलं केलं, ते खाली लागलं. भाकरी शेजारून आली होती ती शिळी, तीच खाल्ली.

रंगनाथराव यांस,

गहिनीनाथचा नमस्कार. वहिनींनाही सांगावा. तुमचा खोकला आता तरी गेला असेल. माझी प्रकृती बरी आहे (एक गुडघा सोडून, त्याचं पुढे येईल). तुमची बहीण गेल्यापासून तुम्ही प्रत्येक पत्रात ‘वेळेवर जेवता ना’ असं विचारता आणि मी ‘जेवतो’ असं कळवतो. त्यामुळे आपल्या पत्रव्यवहारात नवं असं काही राहिलं नव्हतं. या खेपेस आहे, आणि तुम्ही नगरला वकिलांकडे कारकून असल्याने ते तुमच्याच टेबलावर येणार. माझ्या परसातला कचरा चोरीस जात आहे.

हसू नका. मी मोजणी खात्यात सगळी नोकरी काढली. बांध कोरणारा माणूस नांगर घेऊन येत नाही, आधी गोड बोलत येतो, हे मी शेकडो बांधांवर उभं राहून पाहिलं आहे. आपल्या परसाच्या पूर्वेला आसारामचं घर आहे. तो एस.टी.त ड्रायव्हर, आणि झुंबरबाई त्याची बायको, तुमच्या बहिणीला ‘मुक्ताबाई’ म्हणून हाक मारणारी. मध्ये मेंदीचं कुंपण, आणि त्या कुंपणाला माणूस जाईल एवढं भगदाड. ते बुजवावं असं मी तुमच्या बहिणीला फार वेळा म्हणालो होतो. ती म्हणायची, असू द्या, कोंबड्यांना वाट लागते. (आमच्याकडे कोंबड्या नाहीत. त्यांच्याकडेही नाहीत. हे मला आत्ता लिहिताना सुचलं.)

तर झालं असं. दोन वर्षं दुष्काळात फरशीवर धूळ सोडून काही नव्हतं. यंदा पाऊस झाला आणि शहाबादी फरशी अशी हिरवी झाली की नवरात्रात मी तिच्यावर पहिलं पाऊल टाकलं आणि दुसरं टाकायची वेळच आली नाही. पडल्या जागेवरून गुडघा धरून आभाळ पाहत होतो तेव्हा कुंपणापलीकडून आसारामने विचारलं की साहेब पडला का. आता माणूस आडवा झालेला दिसतो आहे, चष्मा पारिजातकाच्या बुंध्याशी गेलेला दिसतो आहे, मग विचारायचं कशाला? खात्री करून घ्यायला. ही मी पहिली नोंद केली.

त्यानंतर शेवाळ काढायला मी ब्लीचिंग पावडर आणली. शेवाळ गेलं, लेंगाही गेला. फटींतलं गवत खुरप्याने काढलं. मोरीच्या पायरीजवळची एक फरशी डुगडुगते, तिच्यावर पाय पडला की ठक वाजतं. तीही पक्की बसवायची होती, पण सिमेंट मिळालं नाही. ती फरशी मी पूर्वीही बसवायला निघालो होतो. तेव्हाही तुमची बहीण ‘असू द्या’ म्हणाली होती. तिने कारण सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आमचं पुष्कळसं असंच चालायचं.

दसरा झाला, फरशी स्वच्छ झाली, आणि आता रोज सकाळी झाडायचं असं मी ठरवलं. पुढच्या ओट्यावर रेडिओवरच्या बातम्या ऐकून खराटा घेऊन मागे गेलो तर झाडायला काही नाही. या दिवसांत पारिजातक रोज टोपलीभर फुलं टाकतो, त्यातलं एक फूल नाही. मला वाटलं झाडाचंच काही बिनसलं, म्हणून फांदी हलवून पाहिली. तर राहिलेली सगळी माझ्या डोक्यावर आली. म्हणजे झाड निर्दोष.

दुसऱ्या दिवशी तोच प्रकार. तिसऱ्या दिवशी मी संध्याकाळी लिंबाचा पाला गोळा करून मुद्दाम फरशीवर पसरून ठेवला (पाला दुसऱ्याच्या लिंबाचा होता, माझ्याकडे लिंब नाही). सकाळी पाला गायब. मग खडूने फरशीवर हद्दीची रेघ ओढली, कुंपणाच्या खुंटापासून थेट पारिजातकापर्यंत, नोकरीत ओढायचो तशी सरळ. सकाळी रेघेवरून पाणी फिरलेलं. हद्दीची खूण पुसणं ही बाब साधी नाही, हे तुम्हाला सांगायला नको. पण फौजदारापुढे जाऊन काय सांगणार? माझा पाला नेला आणि बदल्यात फरशी धुऊन दिली, असं? त्याने मलाच बसवून ठेवलं असतं.

याच सुमारास आसारामने एका दिवसात मला दोनदा रामराम घातला. झुंबरबाईने भाकरी आणि वाटीभर कारळाची चटणी पाठवली. चटणी चांगली होती, त्यामुळे संशय वाढला. रात्री विचार करता करता शब्द सापडला: वहिवाट. दुसऱ्याची जागा रोज झाडा, धुवा, वापरा, कोणाला हरकत घेऊ देऊ नका, बारा वर्षं जाऊ द्या, की मग कोर्टात उभं राहून म्हणायचं की वहिवाट आमची. मी एकटा आहे, पुढे-मागे जागेकडे बघणारं कोणी नाही, हे त्यांनी हेरलं. मी विटा सांगितल्या. भगदाड बुजवून भिंत घालायची, गवंडी मंगळवारी येणार.

पण पुराव्याशिवाय भिंत घातली तर लोक म्हणणार म्हातारा एकटेपणाने बिघडला. म्हणून काल पहाटे रेडिओ न लावता मी न्हाणीत बंबामागे घोंगडी घेऊन बसलो. बंब विझलेला होता, पण नाकाला काळं लागलंच. फटफटलं तशी झुंबरबाई भगदाडातून आली. हातात त्यांचा खराटा, कमरेला दुरडी. आधी फुलं वेचून दुरडीत घेतली आणि मग झाडू लागली. पाठ माझ्याकडे होती. झाडत अर्ध्यावर, म्हणजे बरोबर माझ्या पुसलेल्या रेघेपाशी आली आणि थांबली. मला वाटलं, हीच वेळ. मी उठून पुढे झालो आणि पाय नेमका त्या डुगडुगत्या फरशीवर पडला. ठक.

झुंबरबाई वळली नाही. तशीच पाठमोरी म्हणाली, “उठला व्हय मुक्ताबाई?”

मग वळली. मी घोंगडी पांघरून, नाकाला काळं लावून उभा. ती ओरडली नाही, हसलीही नाही. तोंडाला पदर लावला. इतकी भांडणं मोजली, पण तोंडातून आलं ते एवढंच, “ही वहिवाट कधीपासूनची?”

ती म्हणाली, “वहिवाट बाईसंगं हुती भाऊ, जागेसंगं न्हाई. निम्मं त्या झाडायच्या, निम्मं मी. दुष्काळात झाडाला दोन्ही घरचं खरकटं पानी घातलं. आता आंगन वंगाळ पडल्यालं बघवंना म्हून सगळंच झाडीत हुते. तुमाला नगं आसंल तर न्हाई येत.”

मी ‘नको’ म्हणालो नाही. पण ‘या’ असंही म्हणालो नाही. ती गेली, दुरडी इथेच विसरून. आज ती आली नाही. फुलं पडली आहेत, ऊन लागून त्यांचे देठ तेवढे केशरी राहिले आहेत.

तरी कायद्याने काय ते वकिलांना विचारून ठेवावं. बाईमाणूस बोलायला हुशार आहे आणि आसारामने पढवलं नसेलच असं सांगता येत नाही. त्याने दोनदा रामराम का घातला याचा खुलासा अजून झालेला नाही.

कळावे, लोभ आहेच.

तुमचा
गहिनीनाथ

ता. क. – वकिलांना विचारू नये.

ता. क. – विटा परत जात नाहीत. त्यांचं पारिजातकाला आळं करावं म्हणतो. गवंड्याला भिंतीचं नाही म्हणून कळवलं. मोरीपाशीची फरशी बसवायची नाही, हेही त्याला बजावलं. त्याला काही कळलं नाही.

ता. क. – यंदा आमच्याकडे दिवाळी नाही हे खरं, पण वहिनींना दोन दिवस घेऊन यावं. त्यांनी भगदाडातून पलीकडे जाऊन झुंबरबाईला एवढंच सांगावं की दुरडी इथे राहिली आहे. पुढचं तिला समजेल. मला ते नीट सांगता येणार नाही.

ता. क., सोमवार सकाळ – पाकीट चिकटवण्याआधी मागे जाऊन आलो. पायरीवरून उतरताना ठक वाजलं. पलीकडे कोणाची तरी भांडी घासायची थांबली आणि पुन्हा सुरू झाली. मी खराटा घेतला आणि रेघ होती तिथपर्यंत झाडलं. पलीकडचं निम्मं तसंच ठेवलं. माझ्या निम्म्यातली फुलं वेचून दुरडीत घातली, दुरडी मधोमध ठेवली आणि हात धुतले.