त्याच्या गाडीतलं हसणं

४ मार्च
सारथी महाराज आजही हजर! दारात हॉर्न, आणि ही निघाली रेडिएशनला. माझी गाडी काय शोभेला उभी आहे? बसवर नऊ वर्षं ही कंडक्टर, तो ड्रायव्हर — म्हणून आता जन्मभर त्याच्याच गाडीत बसायचं? विचारलं तर म्हणाली, "अहो, त्यांना रस्त्यांची सवय आहे." आणि मी काय हवेतून जातो?

५ मार्च
हसत हसत उतरली. तो काहीतरी बोलला, दोघं खिदळली. घरात आली, मी पाणी पुढे केलं — "ठेवा तिथे." भिंतीकडे तोंड करून झोपली.

८ मार्च
घड्याळांचं दुकान बंद करून थेट दवाखान्यात गेलो; ही दोघं आधीच तिथे. डॉक्टरांनी फोटो दाखवला. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर दोन वर्षांपूर्वी गेला असंच आम्ही गेल्या महिन्यापर्यंत धरून चाललो होतो. कसला जातोय! हाडांत जाऊन बसलाय मेला. कंबरेत, आणि उजव्या मांडीच्या हाडात. "आतून पोखरलंय. धक्का बसता कामा नये. दुखलं की थांबायचं." ती चालती राहू दे, एवढंच माझं मागणं आहे.

आणि अशा वेळी माझ्या डोक्यात काय? तर फोटो बघून तिने "आता कसं हो?" असं विचारलं ते त्याला. मी शेजारी उभा! लाज वाटते लिहायला. पण जळतो मी, काय करू?

९ मार्च
नुसता जळफळाट.

११ मार्च
धाकटी बहीण म्हणाली, "दादा, पन्नाशी उलटली तुझी. आजारी बायकोवर संशय घेतोस?" अगं, संशय असता तर भांडलो असतो! हेवा आहे हा. तो तिला हसवतो. मला ते कधी जमलं नाही. माझ्याजवळ ती नुसती गप्प.

१३ मार्च
आज हट्टच धरला. त्याला फोन करून सांगितलं, येऊ नका. तो चाचरला — "भाऊ, सावकाश न्या, त्यांच्याकडे लक्ष..." मला शिकवतोय! पुढचं ऐकलंच नाही, फोन ठेवला.

पाठीला उशी देऊन तिला पुढे बसवलं. पुलाच्या अलीकडे रस्ता खोदलाय, तिथे गाडी जरा आदळली. विचारलं, "दुखलं का?" मान हलवली, नाही. वर चक्क हसली! अख्ख्या रस्त्यात हूं नाही की चूं नाही. जिंकलो! बघ म्हणावं त्या सारथ्याला.

१३ मार्च, संध्याकाळ
तिला गाडीतून उतरताच आलं नाही. मांडीचं हाड मोडलंय.

१४ मार्च
हाडात सळई घातली. उभी राहील की नाही, डॉक्टर सांगत नाहीत.

तो आला. पहिलाच प्रश्न — "मॅडम ओरडल्या नाहीत?" म्हटलं, नाही. तो म्हणाला, "भाऊ, माझ्या गाडीत त्या सगळा रस्ता ओरडतात. ओरडल्या की मी थांबतो, कळ गेली की दारावर दोनदा टकटक करतात, मग निघतो. तुमची गल्ली आली की डोळे पुसतात. म्हणतात, एखादा विनोद सांगा लवकर, ते दारात उभे असतील."