धुण्याच्या खोलीतला सिलिंडर

२ फेब्रुवारी, सकाळी
ठरलं. साठाव्या वाढदिवसाला बाटल्या नाहीत. घरची बिअर, केगमधून, म्हणजे स्टीलच्या पिंपातून, नळ उघडून थेट ग्लासात. हिरवळीवर गोळे खेळतो त्या बोल्स क्लबात काल जाहीरही केलं. चाळीस माणसं, २८ तारीख. ग्लेनिस म्हणाली, आधी घरी बायकोला विचारलं असतंस तर चाललं असतं. मी म्हटलं, सरप्राइज आहे. तिने विचारलं, कुणाला?
बिअर बनवणं हा प्रश्नच नाही. बारा वर्षं बनवतोय. केग हवा आणि बिअरला फेस आणणारा कार्बन डायऑक्साइड गॅस हवा. आठवड्याचं काम.

५ फेब्रुवारी
गॅस कंपनीला फोन केला. सिलिंडर भाड्याने देतात, भाडं दरवर्षी, बहुधा मी मरेपर्यंत. विचार करून कळवतो म्हटलं. विचार केला. नाही.
क्लबातल्या डग्गी बोलिथोकडे जुना सिलिंडर आहे, बंद पडलेल्या एका पबच्या तळघरातला. अर्धा भरलेला. एक बादली खेकड्यांच्या बदल्यात देतो म्हणाला. जेटीवर खेकडे मी फुकट पकडतो, म्हणजे सिलिंडर फुकट. आमच्या वॉलरू गावात हे गणित दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं.

७ फेब्रुवारी, दुपारी
सिलिंडर आणला. तो मागच्या सीटवर ठेवून पट्टा लावल्यावर डग्गी सांगतो, आडवा पडू देऊ नकोस. त्याच्या ओळखीच्या एकाचा पडला, वरचा वॉल्व्ह तुटला आणि सिलिंडर शेडची भिंत फोडून शेजाऱ्याच्या कॅरव्हॅनमध्ये घुसला. कॅरव्हॅनमध्ये कुणी होतं का, ते विचारायचं राहिलं.
ऊन एक्केचाळीस. चारही काचा खाली, वेग तीस. मागे गाड्यांची रांग, हॉर्न. मी घाबरलो नव्हतो, सावध होतो. घाम उन्हाचा.
गाडीतून ग्लेनिसने उतरवला. तिची पाठ माझ्यापेक्षा चांगली आहे.

९ फेब्रुवारी
सिलिंडर शेजारच्या काडिना गावी गॅसच्या दुकानात नेला. दुकानातल्या बाईंनी सिलिंडरच्या मानेवरची तारीख वाचली आणि एक पाऊल मागे सरकल्या. ते पाऊल डोळ्यांसमोरून जात नाही. म्हणाल्या, दर पाच वर्षांनी तपासावा लागतो, हा सत्तावीस वर्षांत तपासलेला नाही, कुणी भरून देणार नाही. इथेच सोडून जा, मी त्याची विल्हेवाट लावते.
परत आणला. आत गॅस आहे, मग भरायचाय कुणाला?
येताना वेग वीस.

१२ फेब्रुवारी
केग मिळाला. डग्गीकडूनच, पन्नास लिटरचा. घरी आल्यावर चष्मा लावून पाहिलं तर कडेला ब्रुअरीचं नाव कोरलेलं, आणि खाली: ही आमची मालमत्ता आहे. शेजारी रेलीन राहते, ती पोलिसात सार्जंट. व्हरांड्यातच केगवर ब्लँकेट टाकून वर उशी ठेवली.
तेवढ्यात रेलीन टोमॅटो द्यायला आली आणि त्याच्यावरच बसली. वीस मिनिटं. उन्हाळा, कुंपण, तिच्या आईचा गुडघा. जाताना उशीवर थोपटून म्हणाली, "नवीन स्टूल छान आहे, मर्व्ह. पबवाल्याचं असंच एक हरवलंय म्हणे."
गंमत केली असेल. पोलिसांनाही विनोदबुद्धी असते.

१३ फेब्रुवारी
ग्लेनिसने केग पबात परत केला. मी गाडीत बसून होतो, इंजिन चालू ठेवून.

१५ फेब्रुवारी
केगचा प्रश्न मी सोडवला. म्हणजे ग्लेनिसच्या शाळेच्या कँटीनमध्ये जुन्या सरबताच्या मशीनचे दोन केग धूळ खात होते, तिने मुख्याध्यापिकेला विचारलं, त्यांनी घेऊन जा म्हटलं. पण केग हवाय हे तिला कुणी सांगितलं होतं?
सिलिंडर धुण्याच्या खोलीत, नळाच्या पाइपाला दोरीने बांधून. वाचनालयात जाऊन वाचलं: हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो, आणि माणसाला कळायच्या आत गुदमरवतो. आमच्या कुत्र्याची, बिस्किटची, गादी जेवणाच्या टेबलावर ठेवली. कुत्रा बुटका आहे, पहिला तोच जाणार. ग्लेनिस म्हणाली, टेबलावर कुत्रा नको, सिलिंडर बाहेर ठेव. मी म्हटलं, बाहेर ऊन आहे. तिने विचारलं, मग त्या खोलीत कपडे धुवायला कोण जातं? मी म्हटलं, खिडकी उघडी ठेवत जा.

१९ फेब्रुवारी, दुपारी
फुसफुस ऐकू आली. स्पष्ट. बिस्किटला घेऊन दीड तास गाडीत बसलो. ग्लेनिस दुकानात गेली होती, म्हणून तिला सांगता आलं नाही. ती आली, थेट आत गेली, बाहेर आली आणि म्हणाली, रेलीनचं कारंजं चालू आहे, बाग भिजतेय.
हे अजून गाडीत बसूनच लिहितोय. कॉफी कमी करायला हवी.

२२ फेब्रुवारी
जोडणी झाली. रेग्युलेटर ग्लेनिसने बसवला, तिचा हात स्थिर आहे. मी आधी दारातून सूचना वाचून दाखवत होतो, मग व्हरांड्यातून, मग फाटकापासून, फोनवर. साबणाचं पाणी लावून तिने गळती तपासली. एकही बुडबुडा नाही. एवढ्या लांबून देखरेख करणं सोपं नसतं.

२६ फेब्रुवारी, संध्याकाळी
स्फोट झाला. म्हणजे मोठा आवाज झाला. आधी तेवढंच लिहितो.
बिअर अजून सपक होती. काल दुपारी ग्लेनिस झोपली असताना मी आत गेलो होतो. एकटा, श्वास रोखून. दाब वाढवायची चावी जरा जास्त फिरवली आणि बाहेर पळत, नाही, चालत आलो. आज चारला ती मशीनमधले कपडे काढायला आत गेली, मी दारात होतो, आणि गॅसची नळी केगवरून उडाली. गोळी सुटावी तसा आवाज, मग फूत्कार, थांबेच ना. पुढचं मला आठवतं ते रेलीनच्या अंगणातलं. काखेत बिस्किट होता. कुत्र्याला वाचवलं.
रेलीनने विचारलं, ग्लेनिस कुठे आहे?
ग्लेनिस आमच्या घरातून आली, पदपथावरून, हळूहळू. केस घामाने ओले, गालावर नळीचा लाल वळ. तिने खिडकीतून डोकं बाहेर काढून श्वास घेतला होता, परत आत जाऊन सिलिंडर बंद केला होता. रेलीन धावत तिच्याकडे गेली. मी कुत्रा धरून उभा होतो.

२७ फेब्रुवारी
ग्लेनिस सकाळीच सिलिंडर घेऊन काडिनाला गेली. जुना त्या बाईंकडे सोडला, नवा तपासलेला आणला. रिकामा झाला की देऊन भरलेला आणायचा, भाडं नाही. अशी सोय आहे हे मला कुणी सांगितलंच नाही. बाई म्हणाल्या म्हणे, त्या दिवशी यजमानांना सांगितलं होतं, ते गाडीकडे पळत होते.
वळ आता निळा पडलाय.

२८ फेब्रुवारी
साठ पूर्ण. चाळीसच्या चाळीस आले. बिअर थंड, फेस दोन बोटं. डग्गीने तीन ग्लास प्यायल्यावर सगळ्यांना गप्प केलं आणि ग्लास उंचावला. माझ्याकडे पाहून नाही. "ग्लेनिसला!" म्हणाला. सगळे म्हणाले. मीही म्हणालो.
भांडी आवरताना ती जवळ आली. रागावलेली नव्हती. रागावली असती तर मला काय करायचं ते माहीत आहे.
म्हणाली, "पळालास त्याचं काही नाही, मर्व्ह. मीही पळाले असते. पण तू जाताना दार ओढून घेतलंस, मी आत असताना."
मी म्हटलं, ते आपोआप लागतं, त्याला स्प्रिंग आहे.
ती बरं म्हणाली आणि झोपायला गेली.

१ मार्च
दुपारी ती बाहेर गेल्यावर धुण्याच्या खोलीत जाऊन पाहिलं. दार अर्धं उघडलं आणि सोडलं. पाच मिनिटं थांबलो. दार तसंच अर्धं उघडं राहिलं.
त्याला स्प्रिंग नाही.