एका पॉइंटने पहिला

४ फेब्रुवारी १९९६, रविवार
बाहेर उणे एकतीस. गाडीने सुरू व्हायला साफ नकार दिला. मीही फार आग्रह केला नाही.

बातमी: आमचा जुना रिंक मार्चमध्ये पाडणार. नऊ तारखेला शेवटचा समारंभ. आमच्या नॉर्थ लेक्स आइस हॉकी लीगच्या आजवरच्या दहा टॉप स्कोअररची नावं लाकडी बोर्डावर रंगवून नव्या रिंकच्या दारात लावणार. त्यात मी, लॉर्न बिसोनेट, दुसरा. नऊ सीझन, सहाशे अकरा पॉइंट. पहिला आर्वो हाउताला, सहाशे बारा. तो आमचा सेंटर, मी त्याचा डावा विंगर.

लीग त्र्याहत्तर साली बंद पडली. लोक अजून हळहळतात. मी नाही. बंद पडलेल्या लीगचा एक मोठा फायदा असतो. तिथला विक्रम कोणाच्या बापालाही मोडता येत नाही.

फक्त त्या एका पॉइंटचं बघायला हवं.

संकल्प: वजन पंधरा पौंड कमी. बिअर फक्त शनिवारी. जुन्या जर्सीत मावायचं. आर्वोला भेटायचं.

५ फेब्रुवारी
पॉइंटचं प्रकरण एकदा शांतपणे लिहून ठेवतो. लीगची शेवटची मॅच. कोपऱ्यात ही झटापट, आर्वोची आणि माझी, दोघांच्याही स्टिका आत. पक, म्हणजे ती रबरी चकती, बाहेर आला आणि आमच्या डचीने गोल ठोकला. गोल करणाऱ्याला एक पॉइंट, पक देणाऱ्याला एक. तो दिला आर्वोला. पण पक निघाला माझ्या स्टिकवरून. मला जाणवलं होतं. म्हणजे सहाशे बारा मी, आणि सहाशे अकरा तो.

आमच्या लीगची रीत अशी की चुकून मिळालेला पॉइंट ज्याला मिळाला त्यानेच गुण लिहिणाऱ्या स्कोअररच्या टेबलाशी जाऊन परत करायचा. ‘माझा नाही, याचा,’ असं म्हणायचं. आणि घेणाऱ्याने स्कोअररसमोर मान डोलवायची. देणारा हवा, घेणारा हवा. कोचचं, रेफरीचं, कोणाचंही त्यात चालत नसे. स्कोअरर तेव्हा क्लॅरन्स होता. बोर्डही आता तोच करतोय. ऐंशी ओलांडली, पण नियमाला पक्का.

म्हणजे सगळं आर्वोच्या हातात. त्याला शरद ऋतूत अर्धांगाचा झटका आला. तेव्हापासून टेकडीवरच्या नर्सिंग होममध्ये आहे. आम्ही चार वर्षं बोललो नाही. भांडण वगैरे काही नाही. मी फक्त बोलत नाही.

झालं काय, मूस हरणांच्या शिकारीला गेलो होतो. रात्री शेकोटीशी मी अगदी सभ्यपणे तो पॉइंट काढला. तर हा हसला. म्हणाला, लॉर्न, अरे त्या वेळी तू बर्फावर आडवा पडला होतास! सगळे हसले. मी माझं फ्रायिंग पॅन उचललं आणि घरी आलो. पॅन माझंच होतं.

११ फेब्रुवारी, रविवार
नर्सिंग होममध्ये भेटायची वेळ दुपारी. रात्रभर बर्फ पडलं. सकाळभर दारातलं बर्फ फावड्याने काढलं, म्हणजे निघायला अडचण नको. मग जरा खुर्चीत टेकलो. उठलो तेव्हा अंधार पडला होता. बायकोने, डोरीनने, उठवायला नको? ती म्हणे, तीनदा हलवलं, तू घोरण्याचा आवाज वाढवलास. ती एकटीच जाऊन आली. बटर टार्टही सगळे तिकडेच देऊन आली.

म्हणाली, उजवी बाजू गेलीये, तोंड जरा वाकडं झालंय, सावकाश बोलतो, पण डोकं शाबूत आहे. तुझी चौकशी करत होता. मी सहज विचारलं, कसली चौकशी? तर म्हणे, लॉर्नचा गुडघा कसा आहे.

चोराच्या मनात चांदणं. दुसरं काय!

१३ फेब्रुवारी
जर्सी घातली. हे यश. मग ती निघेना. दोन्ही हात वर करून मी स्वयंपाकघरात अर्धा तास उभा. डोरीनने शेवटी कात्री आणली. आता पाठीत लाल फ्लॅनेलचा तुकडा घालून देणार आहे. म्हणाली, जर्सीला दोष देऊ नकोस, ती होती तेवढीच आहे.

उद्यापासून बिअर बंद म्हणजे बंद.

१८ फेब्रुवारी, रविवार
आज जाणारच होतो, पण विचार केला. बोर्ड रंगवायच्या तोंडावर गेलो तर लोक म्हणतील, लॉर्न भीक मागायला गेला. माणसाला स्वाभिमान असतो. म्हणून तळ्यावर मासे धरायला गेलो. बर्फात भोक पाडलं, बर्फावरच्या झोपडीत शेगडी पेटवली, बसलो. एकही मासा नाही.

झोपडीत बसायला दोन बादल्या आहेत. दुसरी आर्वोची. चार वर्षं ती तिथेच आहे. मी तिच्यावर पाय ठेवतो. सोयीची आहे म्हणून टाकली नाही.

तो असला की मासा नसला तरी दिवस कसा जायचा कळायचं नाही. बडबड्या अजिबात नाही. नुसता बसायचा. आता नुसतं बसलं तर बोअर होतं.

२१ फेब्रुवारी, बुधवार
जिंकलो!

सकाळी डोनटच्या दुकानात क्लॅरन्स आला. टोपी काढून समोर बसला. म्हणाला, आर्वोने मला बोलावून घेतलं होतं. तो पॉइंट माझा नाही, लॉर्नचा, असं माझ्यासमोर म्हणाला. आता तू सांग, घेतोस?

मान सावकाश, वजनदारपणे डोलवायची असं मी तेवीस वर्षं ठरवून ठेवलं होतं. पण क्लॅरन्सचं वाक्य संपायच्या आत मान डोलून गेली. असो. डोलली हे महत्त्वाचं.

सत्याचा विजय होतोच. पक माझ्या स्टिकला लागल्याचा आवाजसुद्धा आता मला स्पष्ट आठवतो. टक्! सगळ्या रिंकने ऐकला असणार.

क्लॅरन्सचा चेहरा मात्र सुतकी. म्हणाला, आता तरी जा बाबा एकदा त्याच्याकडे. मी म्हटलं, जाणार की, समारंभ झाला की निवांत जातो. आत्ता तो हरलेला, मी जिंकलेला, उगाच त्याच्या जखमेवर मीठ कशाला? क्लॅरन्स म्हणाला, मीठबीठ सोड, या रविवारी जा. आणि डोनट अर्धा टाकून उठून गेला. म्हातारपणी माणसं तिरसट होतात.

डोरीनला सांगितलं. ती बटाटे सोलत होती. सोलत राहिली.

२५ फेब्रुवारी, रविवार
आज गेलो. म्हणजे जवळजवळ गेलो. केस कापले, दाढी केली, कवळी घासली. नर्सिंग होमच्या आवारात गाडी लावली आणि इंजिन चालू ठेवून वाक्यांची तालीम केली. ‘आर्वो, मनात काही ठेवू नकोस. मीही ठेवलेलं नाही.’ चांगलं जमलं होतं. वरच्या मजल्यावर त्याच्या बायकोला, आयलीला, खिडकीचा पडदा सरकवताना पाहिलं.

तेवढ्यात मला शिंक आली. मग दुसरी. झटका आलेल्या माणसाला सर्दी देणं म्हणजे खूनच. त्याच्या काळजीपोटी गाडी वळवली.

डोरीनने विचारलं, कसा आहे? मी म्हटलं, बराय. जेवताना तिने आयलीला फोन केला. नंतर भांडी जरा जोरातच घासली. झोपताना भिंतीकडे तोंड करून म्हणाली, लॉर्न, तुला गुडघा नाही नडत, तुला दुसरंच काहीतरी नडतं.

मी शिंकलो होतो, हे ती ऐकूनच घेत नाही.

३ मार्च, रविवार
भाषण लिहिलं. मोठं झालं. समितीवाले म्हणतात, दोन मिनिटं. काटछाट केली. त्यात आर्वोचा परिच्छेद गेला, पण ‘माझे एक सहकारी’ ठेवलंय. डोरीनने वाचलं आणि म्हणाली, तुझ्या गोलांतले निम्मे त्याच्या पासवर, ते कुठंय? मी म्हटलं, लोक आकडेवारी ऐकायला येत नाहीत. ती म्हणाली, मग बोर्डावर काय कविता लिहिणार आहेत?

रिंकवर सरावाची फेरी मारली. एकदा पडलो. बर्फ खराब.

फेस-ऑफच्या, म्हणजे खेळ सुरू करायच्या वर्तुळाशी आलो आणि आपोआप थांबलो. पक पडायच्या आधी आर्वो स्टिकने माझ्या नडगीच्या पॅडवर दोनदा वाजवायचा. टक टक. दर वेळी. नऊ सीझनमध्ये एकदाही चुकला नाही. मी त्याला कधी विचारलं नाही, का म्हणून. ते वाजलं की मी निघायचो, एवढंच.

आता खरं लिहितो, इथे कोण वाचतंय. मला त्याचं वाकडं तोंड बघायची भीती वाटते. तो हसला आणि ते हसू मला ओळखू आलं नाही तर मी काय करू?

पण ठरलं. शुक्रवारी, समारंभाच्या आदल्या दिवशी, जर्सी घालूनच जायचं. फ्लॅनेलची पाठ बघून तो हसणार. हसू दे. हसला तर मी फ्रायिंग पॅन उचलणार नाही. त्याची बादलीही गाडीत टाकून नेतो. मार्चअखेर बर्फ बसण्याजोगं असतं. ढकलखुर्चीसकट नेईन तळ्यावर.

शुक्रवार. पक्कं.

७ मार्च, गुरुवार
सकाळी आयलीचा फोन. आर्वो पहाटे गेला.

एक दिवस. एक दिवस थांबता आलं नाही याला! मी उद्या येणार होतो. जर्सीला इस्त्री झाली होती. बादली गाडीत ठेवली होती. साल्या, इतकी कसली घाई होती तुला?

डोरीन बादली आत आणायला निघाली. मी म्हटलं, राहू दे तिथेच.

९ मार्च, शनिवार
समारंभ झाला. रिंक खच्चून भरला होता. नावं दहाव्यापासून वर. दुसऱ्या नावाला सगळे उठले, टोप्या काढल्या, शांतता. मग पहिलं नाव, लॉर्न बिसोनेट, सहाशे बारा. मला वाटतं टाळ्या खूप झाल्या. डोरीन तसं म्हणते.

फेरी मारायची होती. वर्तुळाशी येऊन मी थांबलो. लोकांना वाटलं गुडघा. मी नडगीवर वाजायची वाट बघत उभा राहिलो. डचीने येऊन हाताला धरून बाहेर नेलं.

भाषण खिशातच राहिलं.

११ मार्च, सोमवार
दफन झालं. नंतर चर्चच्या तळघरात कॉफी आणि वेलदोड्याचा फिनिश पाव. आयली माझ्या शेजारी येऊन बसली. मी तयार केलेलं वाक्य म्हटलं, की आर्वो शेवटी सत्य बोलला, मोठ्या मनाचा माणूस.

तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, लॉर्न, तुझी स्टिक लागलीच नव्हती त्या पकला. तू आडवा पडला होतास. आर्वो नेहमी तेच सांगायचा. क्लॅरन्सला बोलावलं तेव्हा मी त्याच्यावर चिडले, की खोटं कशाला बोलतोस? तर म्हणाला, देऊन टाकू गं त्याला. मग तो येईल.

दर रविवारी तो तिला पलंगाशी एक खुर्ची ठेवायला लावायचा. डाव्या बाजूला. डोरीन आली की तिला म्हणायचा, त्या खुर्चीत नको, इकडे बस. पंचवीस तारखेला आमची गाडी त्याने खिडकीतून पाहिली होती. आयलीला म्हणाला, आला, आला, माझे केस नीट कर. तिने केस विंचरले. मग गाडी वळली. तर म्हणाला, बॅटरी बंद पडेल म्हणून गेला असेल, थंडी फार आहे.

मी पाव बशीत परत ठेवला. डोरीनने माझा हात घट्ट धरला आणि मी त्या सगळ्या लोकांसमोर रडलो. आयलीच मला गप्प करत होती. नवरा तिचा गेला, आणि ती मला म्हणत होती, असू दे लॉर्न, असू दे.

१२ मार्च, मंगळवार
क्लॅरन्सच्या घरी गेलो. त्याने दार उघडलं आणि मी दारातच म्हटलं, तो पॉइंट माझा नाही, आर्वोचा. परत घे. बोर्ड पुन्हा रंगव, खर्च मी देतो, रंगही मी लावतो.

क्लॅरन्सने मला आत घेतलं, कोट काढायला लावला, चहा ठेवला. म्हणाला, मला माहीत होतं रे. त्यानेच शपथ घातली होती, तू स्वतः जाईपर्यंत बोलायचं नाही म्हणून. मी म्हटलं, मग आता फिरव. तो म्हणाला, देणारा आलाय, बरोबर आहे. पण घेणाऱ्याने माझ्यासमोर मान डोलवायला हवी. कोण डोलवणार?

मी म्हटलं, क्लॅरन्स, लीगच नाही उरली, कसला नियम घेऊन बसलास! तो म्हणाला, लीग नाही म्हणूनच.

घरी आलो. स्टिकवर पक लागल्याचा तो आवाज आठवायचा प्रयत्न केला. येत नाही. नडगीवरचे दोनच येतात.

बोर्ड नव्या रिंकच्या दारात लागला म्हणे. मी पहिला आहे. आता तो विक्रम कोणालाही मोडता येत नाही. मलाही नाही.