खडकवस्तीच्या जुन्या स्टेशनाची वाट

मी, नकोशी जोतीराम मदने, वय ७६, रेल्वेची निवृत्त गेटवाली, राहणार खडकवस्ती, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे, माझ्या पश्चात काय कोणाचे, हे आज लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. काल डॉक्टरांनी खात्रीसाठी मला वार आणि तारीख विचारली. मी तिथीही सांगितली. माझ्यावर कोणाचा धाक नाही. धाक घालणारे दमून घरी गेले.

नावाबद्दल. चौथी मुलगी झाली म्हणून बापाने हे नाव ठेवले. पुढे अशी नावे बदलून देतो म्हणून सरकारी माणसे आली, पण मी बदलले नाही. पगार याच नावाने घेतला, जमीन याच नावाने घेतली, आता देणारही याच नावाने.

वकीलसाहेब म्हणाले, "आजी, हे मृत्युपत्रात लिहीत नसतात."

मी म्हटले, "लिवा तुमी. मरणार मी हाय."

कलम १. खडकवस्ती येथील बावीस गुंठे जमीन. ही मी निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या पैशातून घेतली. स्वकष्टार्जित आहे, वडिलोपार्जित नाही, म्हणून माझ्या मुलाचा तिच्यावर जन्मसिद्ध हक्क नाही. चतुःसीमा : पूर्वेस धरणाचे पाणी, दक्षिणेस सारजा कोळेकर हिचे रान, पश्चिमेस डांबरी रस्ता, उत्तरेस जुने रेल्वे स्टेशन. रस्त्यावरून स्टेशनात जायचे तर माझ्या रानातूनच जावे लागते. दुसरी वाट नाही. सगळे भांडण या वाटेचे आहे.

धरणाचे पाणी चढू लागले तेव्हा रेल्वेने रूळ वरच्या अंगाला हलवले. दगडी स्टेशन टेकाडावर होते, ते वाचले. माझे यजमान जोतीराम तिथे सांधेवाले होते, गाडीसाठी रूळ बदलून देत. बुडणाऱ्या गावांतले लोक बैलगाड्या भरून स्टेशनात येत, सामान मालधक्क्यावर ठेवत आणि म्हणत, "पुढल्या खेपंला नेतो." जोतीराम प्रत्येक वस्तूवर मालकाचे नाव रंगाने लिहून ठेवत. पुष्कळांची पुढली खेप आलीच नाही. चार वर्षांनी नव्या रुळावर काम करताना जोतीराम गेले. त्यांच्या जागी मला गेटवर घेतले. गेटावरून सुटले की मी जुन्या स्टेशनात जाऊन त्या वस्तू झाडून ठेवत असे. कोणी सांगितले नव्हते.

मग निरवांगीची माधवी शेंडगे आली. कॉलेजात इतिहास शिकत होती. आजीचे जाते शोधत आली आणि नाव वाचून त्याच्यापुढे मटकन खाली बसली. तिने गावोगाव फिरून माणसे गोळा केली, स्टेशन रेल्वेकडून भाड्याने मिळवले, संग्रहालय मंडळ काढले. आज तिथे बुडालेल्या अकरा गावांचे सामान आहे. सारजाच्या माहेरघराची चौकट आहे, दार नाही, नुसती चौकट. सारजा महिन्यातून एकदा येते, वाकून त्या चौकटीतून आत जाते आणि बाहेर येते. त्याला भंगार म्हणणाऱ्याने एकदा तिच्या मागे उभे राहून बघावे.

मागच्या उन्हाळ्यात नोटीस आली. इमारत धोकादायक आहे, तीस दिवसांत छत दुरुस्त करा, नाहीतर पाडू. हॉटेलवाले ऋषिराज शेठ याच घडीची वाट बघत होते. रोहित पक्षी बघायला येणाऱ्यांसाठी त्यांना पाण्याकाठी हॉटेल बांधायचे होते. माझा मुलगा इंद्रजित याने त्यांना परस्पर शब्द दिला आणि माझ्याच वाटेवर लोखंडी फाटक बसवून कुलूप घातले. आत कौल जाऊ नये, मुदत संपावी, एवढाच हेतू.

बाराव्या दिवशी दादासो गवंडी ट्रॅक्टरभर कौले घेऊन आला आणि फाटकाबाहेर अडकला. गाव जमले. इंद्रजित म्हणाला, "आई, त्या भंगारापायी माझं वाटोळं करू नगंस."

मी म्हटले, "सत्तावीस वर्षं मी रेल्वेचं गेट सांभाळलं. गेट कवा लावायचं आन् कवा उघडायचं, हे तू मला शिकवू नगंस." दादासोच्या हातोडीने मी कुलूप फोडले. तीन घाव लागले. दोन माझे चुकले.

मग बायांनी रस्त्यापासून स्टेशनापर्यंत रांग धरली आणि कौले हातोहात आत नेली. भिगवणचे मासेमारी करणारे लोक होड्यांतून वासे घेऊन आले. मेंढपाळांनी चार दिवस मेंढरांच्या वाड्यावर राखणीला बाया ठेवल्या आणि गडी इकडे धाडले. सव्विसाव्या दिवशी छत पुरे झाले. नोटीस काढणारे साहेब आले, मान वर करून बघितले, चहा न घेता गेले. नोटीस मागे घेतल्याचा कागद दिवाळीत आला.

तरी मी डोळे मिटले की फाटक पुन्हा बसेल, हे मला कळते. म्हणून ही बावीस गुंठे जमीन मी संग्रहालय मंडळाला देत आहे. तिच्यातली वाट कायम उघडी राहील. मंडळाने जमीन विकू नये, गहाण टाकू नये, भाड्याने देऊ नये. पुढेमागे कोणी स्टेशन पाडलेच, तर जमीन गावच्या मेंढरांना चरायला सोडावी. हॉटेलाला मिळणार नाही ती नाहीच.

कलम २. राहते घर सून स्वरूपा हिच्या एकटीच्या नावे. कौलांच्या रांगेत ती पदर खोचून माझ्या शेजारी उभी होती, आणि नवरा समोरून बघत होता. तिने मान खाली घातली नाही.

कलम ३. बँकेत जे उरेल ते नात स्वराली हिच्या शिक्षणाला. लग्नाला नाही.

कलम ४. माझा हातदिवा आणि लाल-हिरवे बावटे संग्रहालयाला. दादासोने मला देऊन टाकलेली ती हातोडी माधवीला. ती काचेत ठेवू नये, हाताशी ठेवावी. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही माधवीनेच करावी.

कलम ५. माजी सरपंच बापूसाहेब यांनी संग्रहालयाच्या उद्घाटनाला पाऊण तास भाषण केले. ग्रामसभेत दुरुस्तीच्या ठरावाला हात वर करायची वेळ आली, तेव्हा त्यांचा हात गुडघ्यावरच राहिला. माझ्या शोकसभेत त्यांना बोलू देऊ नये. चहा द्यावा.

कलम ६. सही करण्यापूर्वी मी हा कागद आज रविवारी स्टेशनच्या फलाटावर सर्वांसमोर वाचून घेतला. माझ्यामागे कोर्टात जाण्यापेक्षा, ज्याची हरकत असेल त्याने मी जिवंत आहे तोवर तोंडावर सांगावी, असे मी म्हटले. इंद्रजित उठला. त्याची हरकत त्याच्याच शब्दांत लिहून ठेवली आहे :

"आई, म्हंजी मी आता माझ्याच बायकूच्या घरात ऱ्हायाचं?"

मी दिलेले उत्तर : "ती आली तवापास्नं सासूच्या घरात ऱ्हातीया. तिचं काय झिजलं?"

फलाटावरच्या बायका हसल्या. इंद्रजित खाली बसला, उठून गेला नाही.

हरकत ऐकली. मजकूर बदललेला नाही.

सही : नकोशी जोतीराम मदने

साक्षीदार, ज्यांना या कागदाने काहीही मिळत नाही आणि तरी जे उन्हात उभे राहिले :
१. जयवंता महादू काळे, मासेविक्री, भिगवण. सही
२. दीपक रामू थोरात, शिक्षक, खडकवस्ती. सही

स्थळ : जुने स्टेशन, फलाट, खडकवस्ती
दिनांक : ९ जून २०२४