पाच कादंबऱ्या आणि दुसरी हंसाबाई

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

१. लॅब सुटल्यावर साडेपाचला वाचनालयात गेले.
२. ग्रंथपाल शुभदाताईंनी पाच नव्या रहस्यकादंबऱ्या टेबलावर मांडल्या.
३. म्हणाल्या, खरेदी समितीत यंदा एक सायन्सवाली हवी. तिघांनी वाचायचं, प्रत्येकानं लेखी अभिप्राय द्यायचा. बाकी दोघं म्हणजे त्या आणि अध्यक्ष वामनराव.
४. वामनराव म्हणाले, "मी शेवटचं पान आधी वाचतो बाई. खुनी कळला की पुढचं निवांत."
५. पाचवं पुस्तक शुभदाताईंच्या मुलाचं, साकेतचं. त्या तसं म्हणाल्या नाहीत. फक्त ते एकच पुस्तक दोनदा सरळ करून ठेवलं.
६. मी हो म्हटलं.

मुदत १४ तारीख. पुस्तकांना इथे नावानं नाही, क्रमांकानं लिहीन. लॅबमध्येही नमुन्याला क्रमांकच असतो. नाव पाहिलं की मत आधीच बनतं.

५ नोव्हेंबर

क्र. १. पहिल्याच पानावर बाई मेलेली. बाथटबमध्ये. मग दोन पानं ओठ, खांदे, पाण्यावर पसरलेले केस. दोन दिवस पाण्यात राहिलेलं शरीर कसं होतं हे लेखकाला माहीत नाही — किंवा माहीत आहे आणि नको आहे. दोन दिवसांनंतरही ती सुंदरच! तिचं नाव पान ६१ वर कळतं. तिच्या कुत्र्याचं पान ९ वर.

वाचून झाल्यावर हात धुतले. खरंच धुतले.

७ नोव्हेंबर

क्र. २. मूळ नसलेल्या केसाच्या तुकड्यावरून दोन तासांत डीएनए, आणि सोबत खुन्याचं गाव. आमच्याकडे लघवीच्या कल्चरला तीन दिवस लागतात.

पान ११० वर मिटलं होतं. पण वाचीन असं कबूल केलं होतं, म्हणून संपवलं.

लॅबमध्ये संगीता — आमच्याकडे रक्त काढायचं काम तिचं — डब्याच्या वेळी पुस्तक उलटंपालटं करून बघत होती. "मॅडम, एवढं नाक मुरडता, त वाचता कायले?"

म्हटलं, काम आहे.

"मंग ठीक हाय. मले वाटलं हौस आहे."

९ नोव्हेंबर, रविवार

क्र. ३. खुनी जुळा भाऊ. दोनशे ब्याण्णव पानं वाचायला लावून जुळा भाऊ. एकाही पानावर तो असल्याचा पुरावा नाही. ही फसवणूक आहे. वाचकाला जे दाखवलंच नाही, त्यावर उत्तर बेतायचं नसतं.

क्र. ४ त्याहून वाईट. भाषा चांगली आहे म्हणून जास्त वाईट. बंगल्यात चोरी आणि खून. पहिला संशयित कोण, तर जवळच्या तांड्यावरचा एक गडी. पान ४० ते ४६ त्याला कोठडीत मारतात. लेखक हे चवीनं लिहितो, पट्ट्याचा आवाज वगैरे. पान ५० वर कळतं की तो निर्दोष होता. पुढे तो पुस्तकात येत नाही. घरी कसा गेला, कोण न्यायला आलं, काही नाही. इन्स्पेक्टर चहा पितो आणि खऱ्या खुन्याकडे वळतो.

आठवीपासून मी रहस्यकथा वाचते. जगात सगळं विस्कटतं आणि या पुस्तकांत सगळ्याचा मेळ बसतो, म्हणून वाचते. ते वाचून बरं वाटायचं. हल्ली मेळ बसवताना जी माणसं उरतात ती केरात टाकतात. या चारही पुस्तकांत मेलेल्या माणसाची घरी कोणीही वाट पाहत नाही.

शिसारी. दुसरा शब्द सापडत नाही.

१२ नोव्हेंबर

क्र. ५. साकेतचं. 'तिसरी नळी'.

तालुक्याच्या गावातली एक लॅब. तिथली टेक्निशियन मुलगी. एकाच नावाच्या दोन बायका एकाच दिवशी रक्त द्यायला येतात. मुलगी मुद्दाम लेबलं बदलते, कारण एकीच्या नवऱ्यावर तिचा डोळा आहे.

पान ३० पर्यंत मी ओळखलं होतं.

ही गोष्ट मी या वहीतही लिहिली नव्हती. आता लिहिते, जशी घडली तशी.

१. ११ मार्च. बाजाराचा दिवस, लॅबमध्ये गर्दी. दोन बायका, दोघींचं नाव हंसाबाई राठोड, दोघी पन्नाशीच्या पुढच्या, दोघी तांड्यावरच्या. दोघींची उपाशीपोटी साखर तपासायची.
२. रक्त संगीतानं काढलं. लेबलं मी चिकटवली. अदलाबदल झाली.
३. पहिलीला रिपोर्ट मिळाला ३१८. दुसरीला ९४.
४. पहिलीच्या डॉक्टरांना शंका आली, त्यांनी दवाखान्यातच पुन्हा तपासलं. ती संध्याकाळी परत आली. चूक कळली. तिला दुरुस्त रिपोर्ट दिला.
५. दुसरी ९४ चा कागद घेऊन निघून गेली होती. फोन नंबर नाही. तिचा खरा रिपोर्ट मी काढून ठेवला. ती येईल म्हणून.

आली नाही.

एप्रिलमध्ये साकेत तीन दिवस लॅबमध्ये येऊन बसायचा. पुस्तकासाठी माहिती हवी होती. "चुका कशा होतात ते सांग ना," म्हणाला. मी एक उदाहरण सांगितलं. तांत्रिक उदाहरण म्हणून.

त्यानं त्याचं हे केलं. सुई टोचताना 'तिच्या ओठांवर विषारी हसू' असणारी मुलगी. दारव्ह्यात लॅबमध्ये काम करणाऱ्या मुली किती आहेत? सगळे मला ओळखतील. त्यात ज्या बाईला चुकीचा रिपोर्ट मिळतो ती पान १३८ वर अर्ध्या वाक्यात मरते: 'इकडे ती तांड्यावरची म्हातारी केव्हाच गेली होती.' पूर्णविराम. मग पुन्हा सोफ्यावर बसलेली श्रीमंत बायको.

१४ नोव्हेंबर

अभिप्राय दिले. १ ते ४, प्रत्येकी अर्धं पान. क्र. ५ ला दीड पान लागलं. शेवट असा:

'खरेदीस नकार. कारणे: (अ) साखरेच्या तपासणीची नळी आणि रक्तगटाची नळी एकच समजली आहे. (आ) मुख्य पात्राच्या कृतीला पटणारे कारण नाही. (इ) मरणाऱ्या स्त्रीला नाव नाही, तिच्या तांड्यालाही नाव नाही. परिसरात इतके तांडे असताना नुसते "तांडा" म्हणणे हा आळस आहे, आणि त्या आळसात तुच्छता आहे.'

(इ) लिहिताना समाधान वाटलं. खरं तेच लिहिते.

शुभदाताईंनी उभ्यानंच वाचलं. "तू तर पुस्तकाचं पोस्टमॉर्टेम करून ठेवलं गं."

मग हळू आवाजात, "पहिलं पुस्तक आहे त्याचं, स्पृहा. तेवीसला प्रकाशन आहे. इथल्याच वाचनालयानं नको म्हटलं तर लोक काय म्हणतील?"

म्हटलं, लोकांनी वाचलं तर माझ्याबद्दल काय म्हणतील?

त्यांना कळलं नाही. चेहऱ्यावरून तरी कळल्याचं दिसलं नाही.

१५ नोव्हेंबर

साकेत लॅबच्या पायरीवर उभा होता. आईनं अभिप्राय दाखवलेला. मी बाहेर गेले.

"तुझं नाव कुठं आहे त्यात?"

"गोष्ट माझी आहे."

"तू सांगितली. गोष्ट सांगितली की ती ऐकणाऱ्याची होते." हे वाक्य तो घरून पाठ करून आला असावा.

मी (इ) चा मुद्दा काढला. म्हटलं, बाकी जाऊ दे. एका बाईला तू नावसुद्धा देत नाहीस. तांड्यावरची म्हातारी. एवढंच?

तो हसला नाही. चिडलाही नाही. त्यापेक्षा वाईट, त्याला माझी कीव आली. "स्पृहा, ते शब्द तुझे आहेत. मी तेव्हा रेकॉर्ड करत होतो. तुला विचारून."

मोबाइल काढला. शोधायला त्याला वेळ लागला. मी पायरीवर उभी राहिले.

आवाज माझाच. मागे सेंट्रिफ्यूजची घरघर. 'एक परत आली म्हणून चूक कळली. दुसरी कोणीतरी तांड्यावरची म्हातारी होती, ती काही परत आली नाही.' आणि मग मी हसते. मोठ्यानं नाही. गोष्ट संपल्यावर माणूस हसतो तेवढंच.

"तिच्या बाबतीत मी फक्त मरण वाढवलं," साकेत म्हणाला. "ते तू सांगितलं नव्हतंस."

१६ नोव्हेंबर, रविवार

काही वाचलं नाही.

१७ नोव्हेंबर

सकाळी लवकर गेले. मार्चचं रजिस्टर काढलं. अनुक्रमांक ४१, हंसाबाई राठोड, तांडा. अनुक्रमांक ४२, हंसाबाई राठोड, तांडा. अक्षर माझं. सुवाच्य.

संगीता आली, रजिस्टर बघितलं, पिशवी ठेवली. कापसाचे बोळे डब्यात भरत बसली. मग म्हणाली, "साकेत सरचं पुस्तक तुमच्या टेबलावरून मी बी वाचलं. त्याच्यात थे बाई मरते."

"पान १३८," मी म्हटलं.

"पुस्तकातलीचं नाई इचारत. आपल्या बाईचं काय झालं?"

म्हटलं, माहीत नाही. पत्ता नाही. नुसता तांडा लिहिलाय.

"पत्ता मले ठावूक आहे ना."

मी पेन उचललं.

"हातभर पांढऱ्या बांगड्या होत्या तिच्या. कोपरापर्यंत. शीर सापडे ना, म्हून मी तिच्यासंग बोलत बसली. आमच्या बंजाऱ्यांत बाई भेटली का पयले तेच इचारतात — तांडा कोन्ता, नायक कोन. थे म्हने, फुलसावंगीकडचा, प्रेमसिंग नायकाचा तांडा. दारव्ह्याले लग्नाले आलती. पोराचं नाव डोंगरसिंग सांगतलं. मले म्हने, तुई सुई मुंगीवानी आहे, ये कधी जेवाले."

"संगीता, आठ महिने झाले. सांगितलं का नाहीस?"

"सांगतलं होतं. त्याच दिवशी. म्या म्हनलं, मॅडम, नायकाचं नाव लिवा, नाई त दोघी एकच होतीन. तुमी म्हनल्या, लेबलवर बाराच अक्षरं बसतात."

आठवलं. शब्दन् शब्द आठवलं. लेबलवर खरंच बाराच बसतात. रजिस्टरला मात्र पूर्ण ओळ आहे.

"मंग तुमी कधी इचारलं नाई. मले वाटलं, कळवलं असन."

रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. पुढच्या पेशंटला तिनं हाक मारली.

१८ नोव्हेंबर

संगीतानं तिच्या मावसभावाकरवी डोंगरसिंगचा नंबर मिळवला. बंद लागतो. सहा वेळा लावला. मावसभाऊ म्हणाला, निम्मा तांडा कामाला बाहेरगावी गेलाय, कोण मागे राहिलं त्याला माहीत नाही. म्हातारीबद्दल विचारलं. तेही माहीत नाही.

डॉक्टरांना सांगितलं. आमच्या लॅबचे मालक. मार्चमध्ये त्यांना एवढंच सांगितलं होतं की चूक झाली आणि दुरुस्त केली. आज पूर्ण सांगितलं.

खुर्ची मागे सरकवून म्हणाले, "आली तर फुकट तपासून दे. पण लेखी काही द्यायचं नाही. लेखी दिलंस तर मी तुझ्या मागे उभा राहणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. तुझी नोकरी तू बघ."

आवाज शांत. माझ्यासारखाच.

रिपोर्टच्या ड्रॉवरमधून तिचा कागद काढला. ३१८. मार्चमध्ये ३१८, आणि आठ महिने हातात ९४ चा कागद. काही दुखलं-खुपलं तर ती तोच दाखवत असणार. मला साखर नाही म्हणून सांगत असणार. पायाची जखम, डोळे, मूत्रपिंडं. काय होतं ते मला पाठ आहे. परीक्षेत त्यावर मला नऊपैकी नऊ होते.

१९ नोव्हेंबर

वाचनालयात जाऊन क्र. ५ चा अभिप्राय परत मागितला. शुभदाताईंचा चेहरा उजळला. "बदलतेस ना? मला वाटलंच होतं."

नकार बदलला नाही. पुस्तक वाईटच आहे. नळीची चूकही तशीच आहे. (इ) खाली एक ओळ लिहिली: 'हे कारण अभिप्राय देणारीलाही लागू आहे. वाक्य मूळ तिचे.' सही, तारीख.

शुभदाताईंनी दोनदा वाचलं. "याचा अर्थ काय लावायचा समितीनं?"

म्हटलं, लिहिलंय तेवढाच.

समितीतून नाव काढून घेतलं. वामनराव कोपऱ्यात शेवटचं पान वाचत होते, त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि पहिल्यांदाच काही विनोद केला नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

उद्या सकाळच्या जीपनं पाठवायचं पत्र. नक्कल इथे ठेवते. लॅबच्या कागदावर लिहिलं, शिक्का मारला नाही.

'डोंगरसिंग राठोड, प्रेमसिंग नायक यांचा तांडा, फुलसावंगी.

तुमच्या आई हंसाबाई यांना ११ मार्चला आमच्या लॅबमधून मिळालेला साखरेचा रिपोर्ट चुकीचा आहे. त्यावर ९४ लिहिले आहे. खरा आकडा ३१८ आहे. त्यांना साखरेचा आजार आहे. चूक मशीनची नाही, माझी आहे. ती मला त्याच दिवशी कळली होती. मी तुम्हाला शोधले नाही.

त्यांना लगेच जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या आणि हे पत्र तिथे दाखवा. खरा रिपोर्ट सोबत जोडला आहे. जुना कागद फाडू नका, माझ्याविरुद्ध तक्रार करायची झाल्यास तो लागेल. रविवारी ३० तारखेला मी आणि संगीता तांड्यावर येत आहोत.

त्या कशा आहेत ते मंगळवार, २५ नोव्हेंबरपर्यंत पाकिटावरच्या नंबरवर किंवा जीपवाल्याजवळ चिठ्ठी देऊन कळवा. त्या नसतील तर तेही कळवा.

— स्पृहा, लॅब टेक्निशियन, दारव्हा'