भाकरीवाल्याची पानं

आये, इतक्या वर्षांनी लिहितोय, राग मानू नकोस. लिहीन लिहीन म्हणत राहिलो. आधी कामाचं निमित्त होतं, मग डोळ्यांचं, आता हात कापतो त्याचं. तुला वाचता येत नव्हतं हेही एक निमित्त होतं. लिहिलं तरी तिला वाचून कोण दाखवणार, असं मी मनाला सांगायचो, जशी काही तेवढीच एक अडचण होती. पण आता लिहिल्याशिवाय गत्यंतर नाही. परवा सून म्हणाली, "बाबा, ती पत्र्याची पेटी भंगारात देऊ का? वाळवी लागंल घरात." मी घाईघाईनं पेटी उघडली तर भाकरीवाल्याची चित्रांची पानं घडीवर चिरत चालली आहेत. अजून एखादं वर्ष तशीच राहिली तर सुटी होतील, आणि मग काय कुठलं हे देवालाही सांगता येणार नाही. शिवायला हवीत. मी जन्मभर लोकांच्या वह्या-पुस्तकं शिवली, हे एवढंसं काम मला जड नाही. पण कशी लावून शिवायची, ते तू सांगणार होतीस. "सांगते" म्हणाली होतीस. मी अजून थांबलोय.

तुझी कागदाची गिरणी मला हल्ली दुपारच्या डुलकीत दिसते. बाहेरदेशातून रद्दीचे गठ्ठे यायचे, तारेनं आवळलेले, आणि तुम्ही बाया शेडमध्ये जमिनीवर बसून ते फोडायचात. पत्र्याच्या भोकांतून ऊन यायचं आणि त्या उन्हात कागदाची धूळ तरंगत असायची, इतकी की शेडमध्ये सगळ्या बाया पाण्याखाली बसल्यासारख्या वाटायच्या. मी डबा द्यायला यायचो तेव्हा तोंडाला फडकं बांधलेल्या पंधरा-वीस जणींत तू कुठली ते पटकन कळायचं नाही. तू हात वर करायचीस. टाचण्या उपटायच्या, पुठ्ठे फाडायचे, पातळ कागद लगद्याच्या हौदाकडे आणि जाड चकचकीत कागद बाजूला. चकचकीत कागद लगद्यात नीट विरत नाही, म्हणून तो भट्टीत जायचा. त्यातला थोडा बायांनी घरी नेला तर मुकादम काही म्हणत नसे. "न्या गं, भिंतीला लावा नायतर चुलीत घाला, मला फक्त विचारू नका," एवढंच म्हणायचा.

त्या रद्दीत चित्रांची इंग्रजी पुस्तकं ढिगानं असायची. उडणारे बाप्ये, गाड्या डोक्यावर उचलणारे बाप्ये. ती सगळी पातळ कागदावर, सगळी हौदात जायची. तुला त्यांचं काही वाटत नसे. "सगळे दात दाखवतात आनि ठोसे मारतात. एक बी कधी जेवताना दिसत नाय," असं तू म्हणायचीस.

भाकरीवाला आला तो माझ्या बेकारीच्या दिवसांत. साजगावच्या कारखान्याला टाळं लागलं होतं. बायको मुलाला घेऊन कशेळ्याला माहेरी गेली होती, आणि तिशी उलटलेला मी उंबऱ्यावर बसून वीजघराच्या पाइपांकडे बघत होतो. घाटावरून सरळ खाली येणारे ते जाड पाइप मला त्या दिवसांत स्वप्नात यायचे. तू पाळीवरून आलीस, पदरातून चकचकीत कागदांची चळत काढलीस आणि माझ्या मांडीवर टाकलीस.

"घे. ह्याला बी कामावरनं काढलाय."

"कुनाला?"

"ह्या भाकरीवाल्याला."

चित्रातल्या माणसाच्या राखाडी अंगरख्यावर छातीशी भाकरीसारखं एक मोठं पांढरट वर्तुळ होतं. त्याचं खरं नाव पुस्तकात असणारच, पण मी सातवीतून शाळा सोडलेला. इंग्रजी अक्षरं लावायचो आणि अर्थ लागायचा नाही. तू बघितलंस आणि नाव ठेवलंस. मग बोट ठेवून दाखवलंस, "ह्यो बघ सायबाचा कागुद, शिक्का बी हाय. अंगरखा काढून ठेव म्हनतायत त्याला." खरंच तसं चित्र होतं. मला त्या दिवशी किती तरी आठवड्यांनी हसू आलं.

पुठ्ठा नव्हता, टाचण्या तूच उपटलेल्या. पानांवर आकडेही नव्हते. दुमडलेल्या आठ-दहा घड्या होत्या, त्या आपण एकावर एक ठेवल्या आणि वरून खाली बघत गेलो. रोज संध्याकाळी. तू भाकऱ्या थापायचीस आणि मी चुलीच्या उजेडात पानं धरायचो. पहिल्याच घडीत डावीकडे तो जवान, शहरावरून उडतोय. समोरच उजवीकडे तो म्हातारा, रस्त्यात पडलाय, आणि कोणीतरी त्याचाच अंगरखा त्याच्या अंगावर घातलाय. दुसऱ्या घडीत परत जवान. कोणाशी तरी मारामारी, आणि त्यात एक अख्खी इमारत खाली येते. लगेच पुढे परत म्हातारा, जिन्याचा कठडा धरून चढतोय. मी घाबरट, मला असलं काही नीट लागलं नाही की विचारल्याशिवाय राहवत नाही.

"आये, हा तर पयल्याच पानात मेला. मग पुढं उडतो कसा?"

"पडला म्हंजे मेला काय रं? मी रोज सांजच्याला पडते. सकाळची पाळी असते म्हनून उठते."

"आनि घडीत जवान, घडीत म्हातारा?"

"मानूस काय एका वळीनं म्हातारा होतो व्हय? माजंच बघ. शेडात म्हातारी, आनि झोपंत अजून पाताळगंगेत पवते."

मला ते पटलं होतं. आजही दुपारी पडलो की मी कधी बापाच्या खांद्यावर असतो, कधी नातवाला खांद्यावर घेतलेला असतो, आणि मधलं काही मोजावंसं वाटत नाही. तरी असली उलटसुलट गोष्ट कोणी शुद्धीवर असताना काढली असेल का, अशी मला तेव्हा शंका यायची.

त्या पुस्तकात तू जे जे बघितलंस ते मी एकट्यानं बघितलं नसतं. इमारत पडल्यावरच्या पानावर लहान लहान माणसं विटांत आपली भांडी शोधत होती. मी ते पान उलटत होतो. तू पिठाच्या हातानं अडवलंस. "थांब रं. ह्यो मारामारी करून गेला उडून. आता ह्या भिंती कोन बांधनार?" आणि पुढच्याच घडीत एक बाई त्याला पातेलं फेकून मारते. "बरं केलंन तिनं," तू म्हणालीस. तू रोज विचारायचीस की ह्याचे कपडे कोण धुतं, आणि एके संध्याकाळी ते चित्रही सापडलं. तो मोरीत बसून स्वतः अंगरखा घासत होता, वर्तुळाचा भाग जपून. तू इतकी खूश झालीस की शेजारच्या काकीला हाक मारून बोलावलंस. काकी तुझ्याच शेडमधली.

"अगं, एवढा ताकदीचा हाय तर बोलव की आपल्याकडं," ती म्हणाली. "मुकादमाला उचलून घाटात ठेवून येऊं दे."

"त्याचे गुडघे दुखतात गं. जिन्यानं चढतो आता."

"मंग काय उपेगाचा? असला एक माज्या घरात बी हाय."

तुम्ही दोघी हसत होतात आणि हसता हसता तुला खोकला आला. तो खोकला तेव्हा मी ऐकला, पण त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. बाकी सगळ्या गोष्टींची मला काळजी वाटायची.

आपल्या चळतीतली शेवटची घडी तुला सगळ्यांत आवडायची. त्यात एकही इंग्रजी अक्षर नव्हतं, चारही पानांवर नुसती चित्रं. जिचं घर त्यानं पाडलं, जिनं पातेलं मारलं, तिच्याच नव्या खोलीत तो जातो. अंगरखा खुर्चीच्या पाठीवर वाळत घातलेला. तो बनियनवर बसलाय, ती समोर ताट ठेवते. मग त्याचा हात. मग तिचा हात. मग रिकामं ताट. तिथं आपण अडाणी नव्हतो, आये. जगात कोणीही त्या चार पानांत आपल्यापेक्षा जास्त वाचू शकलं नसतं. "झाली गोष्ट," तू म्हणायचीस आणि माझ्या ताटात भाकरी टाकायचीस. त्या दिवसांत मी मान खाली घालून जेवायचो, मिळवत नव्हतो म्हणून. तू एकदा म्हणालीस, "मान वर करून खा. त्यो बघ कसा खातो." तेव्हापासून मी तसा जेवतो.

मग मला कर्जतला छापखान्यात काम लागलं. लग्नपत्रिका, बिलबुकं, शाळांच्या वह्या. मालक जुन्या घरातले, हळू बोलणारे. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला वहीच्या घड्या दिल्या आणि मी त्या आपल्या सवयीनं एकावर एक रचल्या. ते म्हणाले, "अरे, असं नाही. एकात एक घाल. बाहेरच्या घडीत पहिलं पान आणि शेवटचं पान, दोन्ही असतात. मधल्या घडीत मधली पानं." त्यांनी करून दाखवलं, दाभणानं घडीच्या पाठीवर भोकं पाडली आणि दोरा ओवला. मी त्यांच्या हातांकडे बघत होतो आणि मनात भाकरीवाल्याच्या घड्या एकात एक घालत होतो. पुढे एकदा मी त्यांना भाकरीवाल्याचं एक पान नेऊन दाखवलं होतं. चष्मा वर करून त्यांनी थोडं वाचलं आणि म्हणाले, "हे पोरांचं नव्हे रे. ह्यात सगळेच दमलेले आहेत." बाकी अर्थ मी विचारला नाही. नको वाटला.

घड्या एकात एक घालायला शिकलो त्या दिवशी घरी आलो तेव्हा तू खाटेवर होतीस. तुझं गिरणीतलं काम सुटून महिना झाला होता. उन्हाळ्याची लांब संध्याकाळ, दार उघडं, आणि तुझा श्वास उंबऱ्यापर्यंत ऐकू येत होता. मी चळत काढली आणि एकात एक घड्या घालू लागलो.

"काय करतोस रं?"

"आये, आपन उलटं लावलं व्हतं."

"मंग सुलटं दाव."

मला दाखवायचं नव्हतं. मी म्हटलं, उद्या बघू. तू मानलं नाहीस, उशाला टेकून बसलीस. मग मी पानं धरली, चुलीऐवजी दारातल्या उजेडात, आणि आपण सुलट गेलो. तो उडतो. लढतो. इमारत पडते. पातेलं. साहेबाचा कागद. मोरी. बरोबर मध्यात ती खोली, ते ताट. मी तिथं थांबलो. तू हातानंच पुढं म्हणालीस. मग जिना, कठडा, गुडघे. अंगरखा परत अंगात. आणि शेवटी रस्ता, जमलेली माणसं, त्याच्या अंगावर घातलेला तो कपडा. त्यानंतर पान नव्हतं. सकाळची पाळी नव्हती.

बाहेर कोंबड्या खुराड्याकडे चालल्या होत्या. मला वाटलं, कशाला मी हे शिकून आलो.

मग तू विचारलंस, "पर मधी जेवला व्हता ना?"

"व्हय."

"तिच्याच घरात?"

"व्हय आये."

"मंग झालं तर."

मी पानं गोळा केली. दाभण आणि दोरा मी कर्जतहून आणलेच होते. विचारलं, "मग कशी शिवू? छापली तशी, का आपल्यासारखी?" तू डोळे मिटले होतेस. "बघू. सांगते." एवढंच. त्या आठवड्यात तुला खोपोलीच्या दवाखान्यात नेलं, आणि नंतर मी तुला पाणी पाजलं, तू गेल्यावर तुझ्यासाठी बुद्धवंदना म्हटली, सगळं केलं, पण उत्तर काही मिळालं नाही.

आता तुझ्यापुढे खरी अडचण मांडतो. एकात एक घालून घडीवर शिवली तर पुस्तक पुस्तकासारखं उघडेल, जसं काढणाऱ्यानं काढलं तसं, आणि तो रस्त्यात संपेल. एकावर एक ठेवून कडेनं शिवली तर तो जेवताना संपेल, पण घडीजवळची चित्रं शिलाईत जातील; त्या खोलीतल्या बाईचा अर्धा चेहरा जाईल, मी मोजून बघितलंय. मालक असते तर पहिलंच बरोबर म्हणाले असते. मलाही कामाच्या रीतीनं तेच बरोबर वाटतं. पण मी तुझ्याएवढा झालोय, तुझ्यापेक्षा मोठाच झालोय, जिन्याचा कठडा मीही धरतो, आणि शेवटचं पान उलटताना बोट अडखळतं. सून म्हणते, "एवढी काय काळजी करताव बाबा, कागुद तर हाय." तिचं बरोबर आहे. मी गॅसही दोनदा बंद करतो.

हे पत्र टाकायला पेटी नाही हे मला कळतं. ते पानांच्या मध्येच ठेवीन. पण एक कबूल करतो. इतकी वर्षं तू कळवलं नाहीस ते मला बरंच वाटत होतं. घड्या सुट्या होत्या तोवर मी रोज हवं ते करू शकत होतो. एका दिवशी तो पडायचा, दुसऱ्या दिवशी जेवायचा, आणि तू कधी शेडमध्ये असायचीस, कधी नदीत. दाभणाचं भोक एकदा पडलं की कागदात बुजत नाही.

आता मात्र घड्या चिरताहेत, आये. दोऱ्याला मेण लावून ठेवलंय. दुपारी मी झोपलेलाच असतो, तेव्हा ये, शेडमध्ये करायचीस तसा नुसता हात वर कर. पण लवकर कळव.