चौथीचा वर्ग आणि माझा बसलेला आवाज

सोमवार, ४ नोव्हेंबर

डॉक्टरांनी तोंड बंद ठेवायला सांगितलंय, म्हणून लिहायला बसले. घसा सुजलाय. दोन आठवडे एक शब्दही बोलायचा नाही — कुजबुजसुद्धा नाही! "इतकी वर्षं शाळा घशावर चालवलीत, आता त्याला सुट्टी द्या," म्हणाले. मुख्याध्यापिकेला असं सांगतात! घरी हे मात्र खुशीत. "आज रेडिओ कसा स्वच्छ ऐकू आला!"

मंगळवार, ५ नोव्हेंबर

शिक्षणाधिकाऱ्यांची बैठक. जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांना वर्षातून तीनदा एकच चाचणी असते. आम्ही पुन्हा पहिले. टाळ्या झाल्या आणि मग मेख बाहेर आली — वरच्या शाळांनी आपला एकेक चांगला शिक्षक मागे पडलेल्या शाळेला वर्षभरासाठी द्यायचा. आमच्या वाट्याला नाल्यापलीकडची शाळा. तिथल्या चौथीला शिक्षकच नाही.

म्हणजे आमचे गणिताचे सर जाणार. ते गेले की आमचा निकाल गेला!

कागदावर लिहून दाखवलं, "देणार नाही." अधिकारी हसले. "बाई, तुमचा आकडा आणखी किती चढणार? आता जिल्ह्याचा चढायला हवा." उत्तर जिभेवर होतं. गिळलं.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

शाळा माझ्या आवाजाशिवाय चालली! रांगा, तास, पालकांच्या तक्रारी — सगळं गणिताच्या सरांनी निभावलं. जरा रागच आला.

"बाई, तुम्ही ओरडत नाही तर चुकल्याचुकल्यासारखं होतंय," म्हणाले. लबाड.

लिहून विचारलं, "जाल पलीकडे?" "तुम्ही सांगाल तर जाईन. पण सातवीची मुलं अर्ध्यावर सुटतील हो." तेवढंच हवं होतं मला.

सोमवार, ११ नोव्हेंबर

नाल्यापलीकडे गेले. तिथे सरांची काही गरज नाही, असं डोळ्यांनी पाहून लिहून द्यायचं होतं.

शेजारच्या तिसरीच्या बाई मधलं दार उघडं ठेवून दोन्ही वर्ग सांभाळतात. मला पाहून गडबडल्या. मी खुणेनेच सांगितलं, तुमचं चालू द्या, इथे मी बसते.

"ह्या बाईंना बोलता येत नाही वाटतं."
"मग ओरडणार कशा?"
"नाहीच ओरडणार! मज्जा!"

फळ्यावर लिहिलं — ३२ वजा १८. बहुतेक सगळ्यांचं उत्तर सव्वीस. चूकसुद्धा एकमताने! सारखी शिंकणारी एक मुलगी मला समजावायला लागली. "दोनातून आठ जात नाहीत ना बाई? मग आठातून दोन घालवायचे. सोप्पं आहे!" माझीच कीव करत होती.

आवाज असता तर तिला तिथेच थांबवून रीत सांगून टाकली असती. नव्हता. मग कपाटातले खडू काढले. दहा-दहाचे तीन खोके आणि दोन सुटे खडू तिच्यापुढे ठेवले, फळ्यावरच्या अठरावर बोट ठेवलं आणि हात पसरला. तिने ऐटीत एक खोका दिला. मग दोन सुटे. मी हात पसरलेलाच ठेवला.

"संपले की बाई!"

सगळा वर्ग बाकांवर चढला. कुणीतरी ओरडलं, "अगं, खोका फोड!"

"फोडू?" तिने मला विचारलं. मी ढिम्म. "फोड! फोड!" — तिसरीतली मुलंसुद्धा दारात येऊन ओरडायला लागली. फोडला. सहा मोजून दिले, उरलेले मोजले — चौदा. फळ्याकडे बघून कमरेवर हात! "सव्वीस कुठल्या शहाण्याने लिहिलं?"

मला हसू आलं, पण त्याने घसा दुखतो.

लिहून काहीच दिलं नाही.

बुधवार, १३ नोव्हेंबर

पुन्हा गेले. ह्यांना म्हटलं — म्हणजे लिहिलं — बँकेत जाते. "बँकेत जाऊन कुणी इतकं खडूने माखतं का गं?"

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

चौथीच्या नवीन वीस वजाबाक्या तपासल्या. निम्म्या वर्गाला जमल्या. उरलेले अजून सव्वीसवालेच. दोन दिवस कुणी उभं राहिलं नाही, की जमलेलेही मागे सरकतील. रोज समोर कुणीतरी हवं. चांगलं माणूस हवं.

अधिकाऱ्यांचा निरोप — सोमवारी दुपारपर्यंत एक नाव द्या. ह्यांनी तोंड पाहून रेडिओ बंद केला. "जेवून घे. नाव काही पळून जात नाही."

सोमवार, १८ नोव्हेंबर

कार्यालयाच्या किल्ल्या, शाळेचा शिक्का, कपाट आणि माझी खुर्ची आज दुपारी गणिताच्या सरांच्या ताब्यात दिली. वर्षभरासाठी. पोचल्याची त्यांची सही घेतली. मी उद्यापासून नाल्यापलीकडच्या चौथीवर.